पावसाकडची भिंत

कुडाळच्या रंगाच्या दुकानदाराने विचारलं, "घर बाहेरून किती होतंय?" मी म्हटलं, "२४ बाय १८, उंची १०, आणि वर दोन्ही टोकांना त्रिकोण." त्याने कॅल्क्युलेटरला हातसुद्धा लावला नाही. चारी बाजू मिळून ८४ फूट, उंचीने गुणून ८४०, त्रिकोणांचे ९०, दारं-खिडक्या वजा करून साडेआठशे धरा. एक हात प्रायमर, दोन हात रंग. बादल्या मोजून त्याने काउंटरवर ठेवल्या आणि शेडकार्ड माझ्याकडे सरकवलं. मी तीस वर्षं हिशेबाच्या खात्यात काढलेली बाई. असा एका दमात सुटलेला हिशेब बघून मला माणसाबद्दल विश्वासच वाटला.

मागे उभे असलेले गवंडीकाका मात्र हळूच म्हणाले, "गो बाय, चारय भिंतींक एकच पावस लागता काय?"

मी हसले. डोंबिवलीत आमच्या बिल्डिंगला बाहेरून रंग लागला तेव्हा चारी बाजूंना एकच लागला होता. पैसे भरून दोन वर्षं भांडत बसलो ते वेगळं. घर म्हणजे चार भिंती, त्या आतून चार असतात हे कळायला फर्निचर लावावं लागतं, आणि बाहेरूनही चार असतात हे कळायला एक पावसाळा.

घर तसं छोटंच. आमच्या वाटणीला आलेल्या तीन गुंठ्यांत मी आणि माझ्या धाकट्या भावाने बांधलेलं. 'बांधलेलं' म्हणताना मला जरा संकोच होतो. जांभ्याचे चिरे लावले काकांनी आणि त्यांच्या दोन माणसांनी. आम्ही पाणी मारलं, रेती चाळली, चिरे उचलून दिले, छपराच्या पाइपांना रेडऑक्साइड मारलं आणि प्रत्येक निर्णय घेतला. त्यातले निम्मे चुकले. २०२१च्या दिवाळीनंतर पाया, २०२२च्या मार्चमध्ये कौलं, मे महिन्यात बाहेरचा गिलावा आणि रंग. मृगाच्या आधी सगळं आटोपलं म्हणून आम्ही पेढे वाटले.

पहिली चूक आधी सांगते, कारण बाकीच्या तिच्यातून निघाल्या. आमच्याकडची जुनी घरं बहुतेक चौपाखी. चारी बाजूंनी छपराची पाखं उतरलेली, त्यामुळे कुठल्याच भिंतीला उघडं डोकं नाही. चौपाखी छपराला कोनवासे लागतात, कौलं तिरकी कापावी लागतात, मजुरी वाढते. भावाने कागदावर दाखवून दिलं की दुपाखी केलं तर वीसेक हजार वाचतात. मग आढं पूर्व-पश्चिम टाकलं. पाखं उत्तरेला आणि दक्षिणेला तीन-तीन फूट बाहेर आली, छान वळचण झाली. पूर्वेला आणि पश्चिमेला राहिले ते त्रिकोण, त्यांच्या डोक्यावर जेमतेम नऊ इंच छप्पर. पूर्वेचं काही नाही. पश्चिमेला आमच्या आणि समुद्राच्या मध्ये एक टेकाड, चार काजू आणि एक बंद पडलेली शाळा. नैऋत्येकडून येणाऱ्या वाऱ्याला तेवढ्यात थांबायला काही कारण नव्हतं.

आर्द्रा नक्षत्र नीट गेलं. पाऊस सरळ पडत होता. कोकणात पाऊस मोजतात तो सरळ पडणारा. तीन हजार मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे जमिनीच्या एका चौरस मीटरवर चार महिन्यांत तीन हजार लिटर. पण भिंतीला लागतो तो आडवा पाऊस, झड. तिचा आकडा कुठल्याच पेपरात येत नाही. पुनर्वसूला, म्हणजे तरण्या पावसाला, झड सुरू झाली. तिसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात मसाल्याच्या डब्यांच्या मागे भिंतीवर एक नकाशा उमटला. आठवड्यात त्याचे तीन देश झाले. पापडाच्या डब्याला बुरशीचा वास यायला लागला. आणि बाहेरून बघावं तर भिंत ठणठणीत! रंग चकचकीत, पाणी त्याच्यावरून मोत्यासारखं ओघळतंय, जाहिरातीत दाखवतात तसं.

पुढचं पुष्य नक्षत्र, म्हणजे म्हातारा पाऊस, संपता संपता रंगाला फुगे आले. लहान मुलाच्या अंगावर कांजिण्या याव्यात तसे आधी बारीक, मग तळहाताएवढे. मी एका फुग्याला टाचणी टोचली. आतून पाण्याची चिळकांडी उडाली, कोमट, चिऱ्याच्या रंगाची.

काका छत्री घेऊन बघायला आले. भिंतीवर हात ठेवून उभे राहिले, डॉक्टर पोटावर ठेवतात तसा. म्हणाले, "भिंतीक रेनकोट घातलंस. आता घाम खंय जातलो?"

*

घाम कुठून येतो ते मला नंतर सावकाश समजत गेलं. आमचा चिरा म्हणजे जांभा, साधारण १४ बाय ९ बाय ७ इंचांचा, एकेक तीस किलोच्या घरात. खाणीतून कापून काढतात तेव्हा मऊ असतो, हवेवर राहिला की टणक होतो. फ्रान्सिस बुकॅनन नावाच्या एका इंग्रजी अमलातल्या डॉक्टरला मलबारात हा दगड विटेसारखा कापताना दिसला, आणि १८०७ साली छापलेल्या प्रवासवर्णनात त्याने लॅटिनमधल्या 'वीट' या अर्थाच्या शब्दावरून त्याचं 'लॅटराइट' असं नाव ठेवलं. दगडाचं नाव वीट! नाव मात्र चुकलेलं नाही, कारण वागणुकीने हा दगड विटेच्याच जवळचा, सच्छिद्र आणि पाणी पिणारा. चिऱ्याचा एक तुकडा रात्री बादलीत टाकून सकाळी काढून बघा, हाताला वजनातला फरक कळतो.

आता या पाणी पिणाऱ्या दगडावर आम्ही सिमेंटचा कडक गिलावा दिला. चिरा मऊ, गिलावा ताठ. उन्हात दोघं वेगवेगळे ताणतात, गिलाव्याला केसाएवढ्या चिरा पडतात. (चिऱ्याच्या भिंतीला चिरा पडतात, मराठीत हा विनोद फुकट मिळतो.) त्यावर रबरासारखा रंग. झडीच्या वेळी वारा भिंतीवर नुसता आपटत नाही, दाबतो. कुठे खिडकीच्या चौकटीशी, कुठे गिलाव्याच्या जोडाशी, कुठे त्रिकोणाच्या माथ्याशी पाणी आत ढकललं जातं. एकदा आत गेलेलं पाणी नऊ इंच जाडीच्या दगडात पसरतं. परत जायला त्याला वाट एकच, वाफ होऊन बाहेर. तिथे आमचा दहा वर्षं गॅरंटीचा रंग दार लावून बसलेला. मग ते घरात येतं. येताना दगडातले आणि रेतीतले क्षार विरघळवून आणतं, पृष्ठभागाशी पाणी उडून जातं, क्षारांचे स्फटिक मागे राहतात आणि फुगून आतल्या गिलाव्याचा चुरा करतात. लोणा लागणं म्हणतात ते हेच. लहानपणी आजोळच्या भिंतीचा लोणा आम्ही नखाने खरवडून जिभेला लावायचो, खारट लागायचा. ही रसायनशास्त्राची प्रयोगशाळा होती हे तेव्हा कोणी सांगितलं नाही.

मग गिलावाच नको, नुसता चिरा उघडा ठेवू, असं भावाचं म्हणणं पडलं. हल्ली रिसॉर्टवाले तसं करतात, लाल भिंतीसमोर फोटो चांगले येतात. मी त्याला जुन्या गोव्याला घेऊन गेले. तिथल्या बॉम जेझू बॅसिलिकेचं १६०५ सालचं बांधकाम आज सगळ्यांना लाल, उघडं, भारदस्त दिसतं आणि तेच तिचं मूळ रूप आहे असं वाटतं. तसं ते नाही. तिच्या जांभ्यावर साडेतीनशे वर्षं चुन्याचा गिलावा होता. १९५०च्या दशकात पोर्तुगिजांनीच तो खरवडून काढला. दगड उघडा दिसला की इमारत आणखी पुरातन वाटेल अशी कल्पना. तेव्हापासून पाऊस तो दगड खातोय, आणि आता गिलावा परत द्यावा की नाही यावर वाद चालू आहेत. भाऊ बराच वेळ एका कोपऱ्याजवळ उभा राहिला. दगडाला बोटाएवढी भोकं पडली होती. येताना गाडीत म्हणाला, "चुना किती पडेल?"

*

२०२३च्या फेब्रुवारीत आम्ही परांची बांधली आणि रंग काढायला बसलो. 'बसलो' हा शब्द बरोबर आहे. उभं राहून ते काम होत नाही. पातळ पटाशी, तारेचा ब्रश आणि शिव्या. उत्तरेची भिंत नऊ दिवस, दक्षिणेची सात. पश्चिमेचा रंग मात्र एका सकाळी उतरला. फुग्यांनी आधीच निम्मं काम केलं होतं, मोठमोठे तुकडे सापाच्या कातीसारखे सोलून आले. त्याखालचा सिमेंटचा गिलावा ठोकून बघितला तर ठिकठिकाणी पोकळ वाजे. तोही पाडला.

चुन्याबद्दल हल्ली फार भक्तिभावाने लिहिलं जातं, म्हणून आधी तक्रारी. चुना हाताला खातो. डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो, म्हणून गॉगल लावून मी अंगणात वावरायचे आणि शेजारची पोरं मला बघायला यायची. कळीचा चुना चांगला मिळणं अवघड. पहिल्या दोन गोण्या आल्या त्या हवेतच विरून पीठ झालेल्या, त्यात जीव नव्हता. चांगली कळी पाण्यात टाकली की पिंपातलं पाणी उकळायला लागतं, भात शिजल्यासारखा आवाज येतो. असा विरवलेला चुना आम्ही तीन आठवडे पाण्याखाली ठेवला. एकास तीन चाळलेली रेती. कालवायला साध्या पाण्याऐवजी हिरडा आणि गूळ भिजवलेलं पाणी. ते काकांच्या सांगण्यावरून. त्यांच्या वडिलांच्या वेळी बैल जुंपलेल्या घाण्यात चुना मळत, आमच्याकडे बैल म्हणजे भाऊ.

आणि सगळ्यात मोठी तक्रार वेळेची. सिमेंट पाण्याने घट्ट होतं, चुना हवेने. चुनखडी ९०० अंशांच्या आसपास भाजली की तिच्यातला कार्बन डायॉक्साइड निघून जातो, उरते ती कळी. तिच्यात पाणी घातलं की विरलेला चुना. तो भिंतीवर चढला की हवेतला कार्बन डायॉक्साइड परत ओढून घेतो आणि पुन्हा चुनखडी होतो. भट्टीत जे गमावलं ते भिंतीवर परत मिळवतो, पण सावकाश, महिन्याला जेमतेम मिलिमीटरभर. तोवर त्याला कडक ऊन नको, जोराचा पाऊस नको, अगदी कोरडंही व्हायला नको. आम्ही भिंतींवर जुनी गोणपाटं टांगून सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडत होतो. जाणारे-येणारे विचारत, "भिंतीला ताप आलाय का?"

शेवटी चुन्याच्या निवळीचे चार हात. ताकाइतकी पातळ, ओल्या भिंतीवर. लावताना काहीच दिसत नाही. मला वाटलं काम फुकट गेलं. दुपारी चहा घेऊन बाहेर आले तर भिंत आपली आपण पांढरी होत होती, ओल सरकेल तशी वरून खाली.

तीन भिंती अशा झाल्या: उत्तर, दक्षिण, पूर्व. पश्चिमेच्या भिंतीला आम्ही फक्त दर्जा, म्हणजे चिऱ्यांमधल्या फटी, चुन्याने भरल्या आणि एक पातळ थर दिला. एप्रिलचा दुसरा आठवडा उजाडला होता. काकांनी स्पष्ट सांगितलं की हा चुना मृगापर्यंत झड खाण्याइतका पिकणार नाही. "ह्या भिंतीक कपडो होयो," म्हणाले. रेनकोट नको, कपडा हवा. फरक काय ते त्यांनी समजावून सांगितलं नाही, शेजारच्या घराकडे हात केला.

शेजारच्या काकींच्या पश्चिमेच्या पडवीला दर वर्षी चुडतांची झापं लागतात. माडाच्या सुकलेल्या झावळ्या पाण्यात भिजवायच्या, मधून चिरायच्या, पाती एकाआड एक विणायची. मे महिन्यात त्यांच्या खळ्यात असा ढीग पडलेला असतो. मग बांबूचा सांगाडा करून भिंतीपासून वीतभर पुढे ही झापं खालून वर, एकावर एक बांधत जायची, कौलं लावतात तशीच. पाऊस झापावर आपटतो, त्याचा जोर तिथेच मोडतो. थोडं पाणी आत झिरपतं, पण ते झापाच्या मागच्या अंगाने खाली उतरतं, भिंतीपर्यंत उडी मारायला त्याच्याकडे वारा उरलेला नसतो. मधल्या वीतभर जागेत हवा खेळती. दिवाळीपर्यंत झापं कुजायला येतात, ती काढून माडाच्याच बुंध्यात टाकायची.

मी हे लहानपणापासून बघत आले होते आणि मला ती गरिबी वाटायची.

तरीही झापं आम्ही लावली नाहीत. कारण साधं आहे. आमच्या तीन गुंठ्यांत माड दोन. माडावर चढणारा पाडेली मिळेना, मिळाला तर महिनाभराची वाट. विणणाऱ्या काकी आता पंचाहत्तरीच्या आहेत, त्यांच्या सुना नोकरीला जातात. दर वर्षी मे महिन्यात आठ दिवस या कामाला द्यायचे म्हणजे इथे कायम राहणारं, वाकू शकणारं माणूस हवं. गावात बहुतेकांनी झापांच्या जागी निळं प्लॅस्टिक आणलंय. ते वाऱ्याने फडफडतं, दुसऱ्या महिन्यात फाटतं आणि भिंतीला चिकटून बसलं की ओल तिथेच कोंडते. म्हणजे परत रेनकोट.

मग झापाचं काम कोणाकडून करून घ्यायचं, या प्रश्नाला भावाने उत्तर दिलं: पत्रा. माझा जीव वर-खाली झाला. चुन्याच्या इतक्या कष्टांनंतर समोरून दिसणाऱ्या भिंतीला पत्रा! पण तो बरोबर होता, आणि हे त्याला मी अजून तोंडावर सांगितलेलं नाही.

यातली खरी गोम पट्ट्यांत निघाली. पन्हाळी पत्रा उभा लावायचा, म्हणजे पाणी सरळ खाली जातं. उभ्या पत्र्याला ठोकायला आडव्या पट्ट्या लागतात. आम्ही जुन्या वाशांच्या पट्ट्या पाडून भिंतीवर आडव्या मारायला सुरुवात केली. दोन ओळी झाल्यावर भाऊ थांबला. आडवी पट्टी म्हणजे हवेच्या वाटेत आडवा बांध. खालून आलेली हवा वर जाणार कशी? आणि मागे उतरलेलं पाणी प्रत्येक पट्टीवर साचून लाकूड कुजवणार. सगळं काढलं. आधी भिंतीला उभ्या पट्ट्या, दोन-दोन फुटांवर. त्यांच्यावर आडव्या. त्यांच्यावर पत्रा. उभ्या पट्ट्यांमुळे भिंत आणि आडव्या पट्ट्या यांच्यामध्ये दीड इंचाची सलग फट राहिली, जोत्यापासून थेट छपराखालपर्यंत. खाली आणि वर तोंड उघडं, फक्त उंदीर-पाली जाऊ नयेत म्हणून जाळी. खिडकीच्या माथ्यावर पत्र्याचाच वाकवलेला छज्जा, त्याची मागची कड भिंतीत खाच मारून घातलेली. हे छज्ज्याचं काम चुकलं असतं तर बाकीचं सगळं फुकट गेलं असतं. पाणी जातं ते नेहमी भोकाच्या कडेने.

माझी भाची नॉर्वेत, बर्गनला असते. तिला फोटो पाठवला तर तिने तिच्या रस्त्यावरच्या घरांचे फोटो पाठवले. बाहेर लाकडी फळ्या, आणि त्यांच्या मागे भिंत सोडून अशीच फट. बर्गनची पावसाचं गाव म्हणून ख्याती आहे. आकडा बघितला तर आमच्यापेक्षा कमी निघाला, त्यांचा बारा महिने वाटून पडतो एवढंच. मला उगीचच अभिमान वाटला.

पत्र्याला गडद हिरवा रंग निवडला, काजूच्या पानात मिसळावा म्हणून. मिसळला नाही. शेजारच्या काकी कुंपणाशी उभ्या राहून म्हणाल्या, "गोठो बांधलंस काय गो?"

*

खालची दोन फूट भिंत आम्ही रंगवलीच नाही. पहिल्या वर्षी वळचणीच्या पागोळ्या अंगणातल्या लाल मातीवर पडून असा चिखल उडाला की गुडघाभर भिंत पान खाऊन थुंकल्यासारखी झाली. तिथे जोत्याचा काळा दगड तसाच उघडा ठेवला आणि पागोळ्या पडतात त्या रेषेवर फूटभर रुंद खडीचा पट्टा टाकला. थेंब खडीत मुरतो, उडत नाही. सगळ्या कामात सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात यशस्वी एवढंच.

आता छपराबद्दल, कारण 'इन्सुलेशन' हा शब्द आमच्या घरात आला तो उन्हाळ्यात आणि तोही भिंतींच्या संदर्भात. भाऊ कुठून तरी वाचून आला की भिंतींना बाहेरून थर्माकोलचे थर द्यायचे. थंड देशांत देतात, बरोबर आहे. तिथे आतली ऊब सगळीकडून बाहेर पळत असते. आमच्याकडे ऊब बाहेरून येते, आणि कुठून येते ते एका दुपारी अंगणात उभं राहिलं की कळतं. आमचा गाव १६ उत्तर अक्षांशाच्या आसपास. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात, आणि परत ऑगस्टच्या सुरुवातीला, सूर्य दुपारी बरोब्बर डोक्यावर येतो. अंगणातल्या काठीची सावली काठीच्या बुडात जाते. ऑगस्टमध्ये ढग असतात. मेमध्ये काही नसतं. त्या घटकेला चारी भिंतींना जवळजवळ ऊनच लागत नाही. सगळा मार कौलांवर. डिसेंबरात सूर्य दक्षिणेला कलतो, तेव्हा दक्षिणेची भिंत तापते, पण तेव्हा ती हवीशी वाटते. संध्याकाळचं ऊन पश्चिमेला लागतं; नऊ इंची चिऱ्यातून ते चालत चालत रात्री नऊच्या सुमाराला स्वयंपाकघरात पोचायचं. पत्रा लावल्यापासून तेही कमी झालं. ऊन पत्र्याला लागतं, मागची हवा तापून फटीतून वर निघून जाते. पावसासाठी लावलेल्या कपड्याने उन्हाचंही काम केलं, हे आमच्या हिशेबात नव्हतं.

मंगलोरी कौलाबद्दल माझ्या मनात आदर आहे. १८६५ साली बाझेल मिशन या ख्रिस्ती संस्थेने मंगळुरात कारखाना काढला, तेव्हापासून या किनाऱ्यावर पाऊस थोपवण्याचं काम ते बिनबोभाट करतंय. कौलांच्या जोडांतून गरम हवा निसटतेही. पण तापलेलं कौल खाली जी धग टाकतं ती हवेतून येत नाही, विस्तवासमोर बसल्यावर तोंडाला लागते तशी थेट अंगावर येते. कोविडमधलं कपाळाला लावायचं तापमापी यंत्र घरात पडलं होतं. दुपारी दोनला ते मी छपराच्या आतल्या बाजूकडे धरलं. यंत्राने आकडा दाखवलाच नाही, नुसतं 'हाय' दाखवलं. माणूस असता तर ॲडमिट करावं लागलं असतं.

पहिला उपाय थर्माकोलच. पाइपांच्या मध्ये तक्ते बसवले. थंडावा जाणवला. दोन महिन्यांत वरून बारीक पांढरा बर्फ गळायला लागला, जेवणाच्या ताटात. काळ्या मुंग्यांनी त्यात बोगदे काढून पिल्लं घातली होती. मुंग्यांच्या घराचं इन्सुलेशन उत्तम झालं. शिवाय वायर त्याच्यातूनच गेलेली, ठिणगी पडली तर काय होईल या विचाराने मी रात्री जागी राहायचे. सगळं काढलं.

२०२४च्या एप्रिलमध्ये कौलांच्या खाली चार इंच जागा सोडून ॲल्युमिनियमची पन्नी असलेला कागद ताणला. यातलं मर्म असं की चकचकीत ॲल्युमिनियम धग गिळतही नाही आणि ओकतही नाही, फार थोडी बाहेर टाकतं. पण त्यासाठी त्याच्यापुढे मोकळी हवा हवी. चकचकीत बाजू कौलाला चिकटवली तर उष्णता सरळ आरपार. आणि चकचकीत बाजू खाली ठेवायची. हे ऐकून दुकानदारसुद्धा बुचकळ्यात पडला. ऊन वरून येतं तर आरसा वर हवा, असंच कोणालाही वाटेल. पण वरच्या बाजूवर एका वर्षात धूळ आणि कौलांचा चुरा बसतो आणि आरसा आंधळा होतो. खालच्या बाजूवर धूळ बसत नाही, आणि ती बाजू धग खाली टाकतच नाही, म्हणून काम तेवढंच होतं. या चार इंचांच्या वरच्या टोकाला, आढ्याशी, हवा बाहेर जायला वाट ठेवली आहे. त्या मेमध्ये यंत्राने पहिल्यांदा आकडा दाखवला: ३९. मी तो भिंतीवर पेन्सिलीने लिहून ठेवला.

उत्तरेच्या भिंतीवर पावसाळ्यात शेवाळ येतं. दिवाळीला खराट्याने झाडून वर निवळीचा एक हात देते. दक्षिणेला फारसं काही करावं लागत नाही. पूर्वेकडून दार आहे, तिथे दर दसऱ्याला तोरण बांधून बांधून चुन्यावर झेंडूचा पिवळा डाग पडलाय.

परवाच्या ऑक्टोबरात पाऊस थांबल्यावर पश्चिमेच्या पत्र्याखालची जाळी काढून बघितली. पत्र्याचं ते दुसरंच वर्ष, पण पट्ट्यांना वाळवी लागली का ते बघायचं होतं. काका बॅटरी धरून बसले होते. आत कोरडं होतं. चुना पिकून हाडासारखा झालेला, नखाने ओरखडा उठेना. पट्ट्या बऱ्या होत्या. एका पट्टीच्या बगलेत, चुन्याला चिकटून, सुपारीएवढं मातीचं मडकं होतं, गळा वळवलेलं, आतून-बाहेरून गुळगुळीत. त्याच्या शेजारी दुसरं अर्धवट.

"कुंभारीण माशी," काका म्हणाले. "ओली जागा ती घेणा नाय."

आम्ही बोलत होतो तेवढ्यात ती आलीच. काळी, कंबर दोऱ्याएवढी, तोंडात मातीचा गोळा. पत्र्याच्या खालच्या तोंडाशी दोन वेळा घिरट्या घातल्या, आमच्याकडे बघून बाजूला झाली, परत आली. काकांनी बॅटरी विझवली. मी जाळी परत बसवली, पण कोपऱ्यातला एक स्क्रू तसाच हातात ठेवला आणि जाळीचं ते टोक बोटभर वाकवून दिलं.